हात मागे बांधून उभं राहायला शिका

मागच्या अंकात मी सिम्युलेशनवर थोडंसं लिहिलं होतं, म्हणजे पुतळ्यावर किंवा पेशंट बनलेल्या माणसावर खोटी केस उभी करायची आणि डॉक्टरांचा सराव घ्यायचा, आणि इमर्जन्सीतले डॉक्टर त्यातून शिक्षक कसे घडतात ते. त्यावर भरपूर प्रश्न आले, सगळे घेता येणार नाहीत म्हणून सहा घेतलेत. नावं मुद्दाम दिली नाहीत, काहींनी तशी विनंती केली होती.

प्रश्न : मॅडम, मी इमर्जन्सी मेडिसिनमध्ये एमडी करून वर्षभरापूर्वी असिस्टंट प्रोफेसर झालो. आता स्किल्स लॅब माझ्याकडे दिलीये. पेशंट बघताना मी कधी घाबरलो नाही, पण शिकवायला उभा राहिलो की गडबड होते. पोरं अडकली की दोन मिनिटांत मी त्यांच्या हातातून लॅरिंगोस्कोप (घशात बघून श्वासाची नळी टाकायचं अवजार) घेतो आणि करूनच दाखवतो. नंतरच्या चर्चेत कुणी तोंड उघडत नाही, सगळं मीच बोलतो. काम चांगलं येत असलं की शिकवता येतंच असं मला वाटायचं. काय चुकतंय? (नागपूर)

तुमचं पत्र वाचलं आणि मला माझीच एक रात्र आठवली. पहिल्या वर्षाचा एक रेसिडेंट पेशंटच्या श्वासनलिकेत ट्यूब टाकत होता, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९४ टक्के होतं, म्हणजे हातात वेळ होता, पण त्याचा हात जरा अडखळला आणि मी काही न बोलता स्कोप काढून घेतला, ट्यूब टाकली, पेशंट सुखरूप आयसीयूत गेला. मला वाटलं झकास झालं. पुढे कितीतरी महिने तो पोरगा मी ड्युटीवर असले की मागे सरकायचा, "मॅडम, तुम्हीच टाका ना." माझ्याशिवाय सगळ्यांसमोर त्याला ट्यूब यायची. त्या दोन सेकंदांत मी त्याचं काय घेतलं ते मला कळायला वर्ष लागलं.

आपल्या शाखेत हात आधी चालतो आणि कॅज्युअल्टीत ते बरोबरच आहे, तिथे थांबून चालत नाही. पण शिकवताना हीच सवय आडवी येते. सिम्युलेशनचा फायदा फक्त विद्यार्थ्याला होतो असं लोक समजतात, मला वाटतं त्याहून जास्त शिक्षकाला होतो, कारण समोर खरा पेशंट नसल्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला गप्प बसणं परवडतं. मला ज्यांनी हे शिकवलं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, हात मागे बांधून भिंतीला टेकून उभं राहायचं आणि दहा मिनिटं तोंडातून शब्द काढायचा नाही. समोर एक इंटर्न पुतळ्याला अँब्यू बॅगने श्वास देत होती आणि बॅगची नळी ऑक्सिजनला जोडलेलीच नव्हती. मला अर्ध्या मिनिटात दिसलं. तिला चौथ्या मिनिटाला दिसलं. मधली साडेतीन मिनिटं मी कशी काढली ते मलाच माहीत, बोटं अक्षरशः एकमेकांत रुतवून उभी होते. नंतर बऱ्याच दिवसांनी ती भेटली तेव्हा म्हणाली, मॅडम मी अजून ड्युटीवर आले की आधी ती नळी हाताने चाचपून बघते. मी तेव्हा ओरडून सांगितलं असतं तर त्या दिवसापुरती जोडली गेली असती एवढंच.

आता चर्चेचं. तिला आम्ही डिब्रीफिंग म्हणतो आणि खरं शिक्षण तिथेच होतं, केस दहा मिनिटांची असेल तर डिब्रीफिंगला वीस मिनिटं ठेवा. तुमची पोरं गप्प का बसतात सांगते. आपण विचारतो, "ऑक्सिजन द्यायच्या आधी आणखी काय बघायला हवं होतं?" हा प्रश्न नाहीच हो, हे ओळखा पाहू माझ्या मनात काय आहे. पोरांना ते लगेच कळतं, मग ती खाली बघत बसतात. बोस्टनच्या सेंटर फॉर मेडिकल सिम्युलेशनमधल्या जेनी रुडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या सुमारास यावर एक साधी रीत मांडली, आम्ही तीच वापरतो. आधी जे दिसलं ते सांगायचं, मग त्याबद्दल आपल्याला काय वाटलं ते न लपवता सांगायचं, आणि मग मनापासून विचारायचं. म्हणजे असं, "सॅच्युरेशन ८० वर आलं तेव्हा तू मॉनिटरची तार तपासत होतास असं मला दिसलं. मला काळजी वाटली, कारण पेशंटच खरोखर खाली चालला असावा असं मला वाटत होतं. तुझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं?" आणि मग थांबायचं. खरंच थांबायचं. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. एका रेसिडेंटने मला उत्तर दिलं होतं की मॅडम, आमच्या वॉर्डातला प्रोब (बोटाला लावायचा सेन्सर) रोजच खोटं दाखवतो म्हणून मी आधी तारच बघतो. म्हणजे पोरगं बेफिकीर नव्हतं, आम्हीच त्याला खराब प्रोब देऊन तसं शिकवलं होतं! हे विचारल्याशिवाय कधीच बाहेर आलं नसतं.

आणि हे वाचून येत नाही, ट्यूब टाकणं जसं वाचून येत नाही तसंच. त्याचाही सराव करावा लागतो. आमच्याकडे शिक्षक व्हायला आलेले डॉक्टर आपसातच केस चालवतात, एकजण डिब्रीफिंग घेतो, आणि मागे बसलेला दुसरा सिनियर त्या डिब्रीफिंगचं डिब्रीफिंग करतो. बोस्टनवाल्यांचंच डॅश नावाचं एक साधन आहे, सहा मुद्दे आणि प्रत्येकाला १ ते ७ गुण, त्यावर मोजता येतं. पण सुरुवातीला एवढंही नको. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि घरी जाऊन घड्याळ लावून ऐका, किती मिनिटं तुम्ही बोललात. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये वीसपैकी चौदा मिनिटं मी होते. लाज वाटली, पण तिथूनच सुधारणा सुरू झाली.

एक मात्र लक्षात ठेवा, हात मागे बांधणं हे सगळीकडे नाही. ज्याने लॅरिंगोस्कोप कधी धरलाच नाही त्याला तसं सोडून देणं हा अन्याय आहे. तिथे पेटन नावाच्या सर्जनची चार पायऱ्यांची पद्धत चांगली, आधी न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवा, मग समजावत सावकाश दाखवा, मग तो सांगेल तसं तुम्ही करा, शेवटी तो बोलत बोलत स्वतः करेल. तिसरी पायरी गाळू नका, तिथेच कळतं त्याला किती समजलंय ते. आणि सीपीआरसारख्या, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून श्वास द्यायच्या, टीमच्या कामाला जॉन्स हॉपकिन्समध्ये एलिझाबेथ हंट यांच्या गटाने २०१४ मध्ये मांडलेली रीत बघा, चूक दिसली की तिथेच थांबवायचं, काय करायचं ते सांगायचं आणि दहा सेकंद मागे जाऊन पुन्हा करून घ्यायचं, जमेपर्यंत.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. तुमचे ते लाखोंचे पुतळे आमच्याकडे कुठून येणार? आमच्याकडे दोन डॉक्टर, चार सिस्टर आणि एक मामा. यातून काही करता येईल का, की हे फक्त मोठ्या कॉलेजांसाठीच आहे? (रत्नागिरी जिल्हा)

करता येईल, आणि तुमच्याकडे जास्त गरज आहे. स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा, ज्यांनी १९८० च्या दशकात भूलतज्ज्ञांसाठी सिम्युलेटर उभा केला, त्यांनीच २००४ मध्ये लिहून ठेवलंय की सिम्युलेशन ही शिकवायची रीत आहे, ते यंत्र नव्हे. मी बंद पडलेले महागडे पुतळे कपाटात धूळ खाताना पाहिलेत आणि एका चादरीवर झालेलं सुंदर सिम्युलेशनही पाहिलंय.

तुमच्या भागातली केस सांगते, मण्यार. पहाटे पाचला एक बाई येते, रात्री जमिनीवर झोपली होती, पोटात दुखतंय आणि घसा धरल्यासारखा वाटतोय म्हणते. सूज नाही, दाताच्या खुणा दिसत नाहीत, साप कुणी पाहिलेला नाही. पेशंट म्हणून तुमच्याच एखाद्या सिस्टरला झोपवा. तिला आधी नीट समजावून ठेवा की पहिली तीन मिनिटं फक्त पोट धरायचं, मग पापण्या हळूहळू जड करायच्या, बोलणं अनुनासिक करायचं, थुंकी गिळता येत नाही असं दाखवायचं. श्वासाची ताकद किती उरलीय हे बघायला कुणी तिला एका श्वासात आकडे मोजायला सांगितलं तर पहिल्यांदा अठरापर्यंत जायचं, पाच मिनिटांनी विचारलं तर सातवर थांबायचं. कुणी सांगितलंच नाही तर काही बोलायचं नाही. मॉनिटरचे आकडे एका पाटीवर खडूने लिहून मामांच्या हातात द्या, ते तुमच्या खुणेवर पुसून नवे लिहितील. बस, झालं तुमचं सिम्युलेटर. श्वास थांबायची वेळ आली की सिस्टरला उठवायचं आणि तिच्या जागी साधा सीपीआरचा अर्धा पुतळा किंवा नुसती उशी ठेवायची, जिवंत माणसावर ट्यूब किंवा अँब्यूचा सराव चुकूनही नको.

मग गंमत बघा. अँटिव्हेनमच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, दहा व्हायल (छोट्या बाटल्या) सुरुवातीला द्यायच्या हे सगळ्यांना पाठ असतं, पण भुकटी विरघळवायला किती वेळ लागतो याचा अंदाज कुणालाच नसतो, आणि घाईत खळखळून हलवली की फेस येतो, ती अलगद फिरवावी लागते. वापरलेल्या रिकाम्या व्हायल धुवून ठेवा आणि दहाच्या दहा भरायला लावा, घड्याळ लावून. तेवढ्यात बाईचा श्वास कमी होतोय हे कोण बघतंय? बहुतेक वेळा कुणीच नाही, सगळे व्हायलभोवती. मण्यारीच्या विषाने एकदा लकवा पसरला की अँटिव्हेनमने तो लगेच उलटत नाही, पेशंटला वाचवतो तो श्वास, तासन् तास दिलेला. हे वाक्य मी लेक्चरमध्ये पन्नास वेळा सांगितलंय. पाटीवरचा सॅच्युरेशनचा आकडा ८२ झालेला दिसला आणि वळून पाहिलं तर बाईजवळ कुणी नाही, हे एकदा अनुभवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

आणि हे सगळं वर्गात न करता तुमच्या खऱ्या कॅज्युअल्टीत, खऱ्या खाटेवर करा. मग व्यवस्थेतल्या चुकाही सापडतात. सक्शनची नळी खाटेपर्यंत पोचत नाही, लॅरिंगोस्कोपचे सेल उतरलेत, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रात्री घरी असतात. असं प्रत्येक ठिकाणी काहीतरी निघतंच, आणि ते दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करता येतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. सरावाच्या प्रत्येक व्हायल, सिरिंज आणि बाटलीवर लाल शाईत मोठ्या अक्षरात "फक्त सरावासाठी" लिहा आणि संपल्यावर मोजून परत घ्या. २०१४ मध्ये अमेरिकेत सरावासाठी बनवलेलं निर्जंतुक नसलेलं सलाईन चुकून दवाखान्यांत गेलं आणि ४० हून जास्त खऱ्या पेशंटना लागलं, लोक आजारी पडले. तुमच्या क्रॅश कार्टमध्ये (तातडीच्या औषधांच्या गाडीत) पाण्याने भरलेली एक अॅड्रिनॅलिनची सिरिंज राहिली तर काय होईल याचा विचार करा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. तुमचा लेख वाचला. डॉक्टरांनी बाहुल्यांशी खेळून पेशंटचं नेमकं काय भलं होतं? आमच्या वेळी डॉक्टर माणसांवरच शिकले आणि चांगलेच झाले. (सांगली)

गुरुजी, बाहुली म्हणालात ते अगदी बरोबर आहे. सीपीआर शिकवायचा जगातला सगळ्यात ओळखीचा पुतळा रेससी अॅन, तो १९६० मध्ये नॉर्वेतल्या आस्मुंड लेरडाल या खेळणी बनवणाऱ्यानेच बनवला. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या बनवायचा अनुभव होता म्हणून डॉक्टर त्याच्याकडे गेले.

जुने डॉक्टर माणसांवर शिकले हे खरं, पण कुठल्या माणसांवर शिकले? बहुतेक सरकारी दवाखान्यातल्या गरिबांवर, त्यांना कुणी विचारलंही नाही. प्रत्येकाची पहिली सुई, पहिली ट्यूब कुणावर तरी होतेच, ती तुमच्या नातवावर व्हावी असं तुम्हालाही वाटणार नाही.

भलं होतं का याचं एक उत्तर मला नेहमी पटतं. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्नमध्ये रेसिडेंट डॉक्टरांना मानेच्या मोठ्या शिरेत नळी टाकायचा सराव पुतळ्यावर दिला, ठरलेली पातळी गाठेपर्यंत पेशंटला हात लावू दिला नाही. नळीतून रक्तात होणारं इन्फेक्शन दर १००० दिवसांमागे ३.२० वरून ०.५० वर आलं. हे २००९ मध्ये छापून आलंय. तरी एक कबूल करते, सराव एकदाच करून भागत नाही. सीपीआरसारखं कौशल्य काही महिन्यांतच हातातून निसटायला लागतं. तुमच्या वर्गात पाढे रोज म्हणायला लावायचात ना, तसंच.

प्रश्न : माझी मुलगी इंटर्न आहे. परवा कॉलेजात सिम्युलेशनमध्ये तिचा "पेशंट" मेला आणि सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, आता नातेवाईकांना काय सांगणार? घरी येऊन खूप रडली, म्हणते मला डॉक्टर व्हायचंच नाही. व्हिडिओसुद्धा ग्रुपवर फिरतोय. हे असं शिकवतात का? (ठाणे)

नाही ताई, असं शिकवत नाहीत. तुमच्या मुलीचं काहीही चुकलेलं नाही, हे तिला माझ्याकडून सांगा.

केस सुरू व्हायच्या आधी शिक्षकाने खोलीत बसून सांगायचं असतं की इथे चुका होणार, त्यासाठीच ही खोली आहे, मार्क नाहीत, इथलं इथेच राहील. आणि शिक्षकाने स्वतःच्या मनाशी हे धरून यायचं असतं की समोरचं प्रत्येक पोर हुशार आहे आणि त्याला चांगलंच काम करायचंय. इमर्जन्सीतले डॉक्टर शिक्षक व्हायला येतात तेव्हा आम्ही सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवतो, कारण आपण सगळेच ओरडा खाऊन वाढलोय आणि तेच पुढे देतो.

पेशंट मरू द्यायचा का यावर आमच्यात मतभेद आहेत. माझं मत स्पष्ट आहे, नव्या पोरांसमोर अचानक मारायचा नाही. मृत्यूची बातमी कशी सांगायची हे शिकवायचं असेल तर तसं आधी सांगून वेगळी केस घ्या, ते शिकवायलाच हवं. पण चूक केल्याबद्दल शिक्षा म्हणून पुतळा मारला तर पोर चूक लपवायला शिकतं, आणि उद्या खऱ्या पेशंटच्या वेळी ते लपवणं भारी पडतं.

व्हिडिओ ग्रुपवर जाणं हे सरळसरळ चूक आहे. विभागप्रमुखांना किंवा डीनना लेखी द्या, तो काढायला लावा. आणि मुलीला म्हणावं, शक्य असेल तर तीच केस एखाद्या समजूतदार सिनियरबरोबर पुन्हा कर, या वेळी पेशंट वाचव. रडवणारी केस तशीच अर्धी सोडली की ती मनात सलत राहते.

प्रश्न : इमर्जन्सी फिजिशियनला सिम्युलेशन शिक्षक व्हायचं तर नोकरी सांभाळून कुठून सुरुवात करावी? (पुणे)

आपली शाखाच तशी लहान आहे, एमसीआयची (तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलची) मान्यता २००९ ची, त्यामुळे शिकवायला माणसं कमी आणि गरज मोठी. २०१९ पासून एमबीबीएसला नवा अभ्यासक्रम आला आणि स्किल्स लॅब सक्तीची झाली, लॅब झाल्या, त्या चालवणारे अजून तयार व्हायचेत. एनएमसीचा, म्हणजे एमसीआयच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा, शिकवण्याबद्दलचा बेसिक कोर्स तुम्ही केला असेल, तो पाया. पुढे मुंबईत केईएमच्या आवारातल्या जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये २००५ पासून फेमर या अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणाच्या संस्थेची फेलोशिप आहे, दोन वर्षांची, नोकरी सांभाळून होते, आणि त्यात स्वतःचा एक शैक्षणिक प्रकल्प करावा लागतो. तो सिम्युलेशनवरच घ्या. पण त्याच्याही आधी एक जोडीदार शोधा, जो मागे बसून तुमचं डिब्रीफिंग ऐकेल आणि तोंडावर खरं सांगेल.

प्रश्न : मी कॅज्युअल्टीत वीस वर्षं सिस्टर आहे. सिम्युलेशनला आम्हाला बोलावतात ते सामान लावायला. आम्ही शिकवू शकत नाही का? (कोल्हापूर)

सिस्टर, शिकवू शकता, आणि शिकवायलाच हवं. माझ्या मते ज्या डिब्रीफिंगला सिस्टर बसलेली नाही ते अर्धवट आहे.

२७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जम्बो विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. एका विमानाच्या फ्लाइट इंजिनियरला शंका आली होती की पुढचं विमान अजून धावपट्टीवरच आहे की काय, त्याने विचारलंही, पण कॅप्टन खूप सिनियर, त्याने ते उडवून लावलं आणि इंजिनियर गप्प झाला. अशा अपघातांनंतर, १९७९ पासून, वैमानिकांना एकमेकांचं ऐकायचं शिक्षण सुरू झालं आणि तेच पुढे गाबांनी ऑपरेशन थिएटरमध्ये आणलं. आम्ही आज जे शिकवतो त्याचं मूळ तिथे आहे.

आता कॅज्युअल्टीत बघा. डॉक्टर घाईत डोस दुप्पट सांगतात, सिस्टरला कळतं, ती हळूच म्हणते "सर, नक्की ना?" आणि सर ऐकत नाहीत. म्हणून आम्ही एक केस मुद्दाम अशी चालवतो. अॅनाफायलॅक्सिसचा, म्हणजे जिवावर बेतलेल्या अॅलर्जीचा पेशंट, आणि टीम लीडर बनलेल्या डॉक्टरला आधी कानात सांगून ठेवतो की अॅड्रिनॅलिन ०.५ मिलिग्रॅम मांडीत द्यायच्या ऐवजी तू एक मिलिग्रॅम शिरेतून मागायचंस. मग सगळे बघतात, कोण थांबवतं, कुठल्या शब्दांत थांबवतं, आणि नसेल थांबवलं तर का नाही. शेवटी लीडरला तसं सांगितलेलं होतं हे सगळ्यांना मोकळेपणाने सांगतो, नाहीतर त्याच्यावर उगाच ठपका राहतो. हे डिब्रीफिंग घ्यायला मी नेहमी एका सिस्टरला बसवते आणि मी मागे बसते. वीस वर्षांत किती वेळा गिळलेले शब्द तिच्याकडे असतात, ते ती सांगायला लागली की खोलीतले रेसिडेंट फोन बाजूला ठेवतात.

तुमच्या विभागप्रमुखांना सांगा की पुढच्या वेळी सामान इंटर्न लावतील आणि डिब्रीफिंगच्या खुर्चीत तुम्ही बसाल. पहिल्यांदा जीभ अडखळेल, माझीही अडखळली होती. केस कुठली घ्यायची अडचण आली तर मला लिहा, वरचीच केस कागदावर पूर्ण मांडून पाठवते.